वीतभर पेपरोमिया, जयपूरच्या खिडकीत

रोपवाटिकेत "हे किती मोठं होईल?" असं विचारलं की उत्तर गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मिळतं. घर लहान असल्याचं कळलं तर "बस, इतना ही रहेगा", आणि गच्ची आहे म्हटलं की "खूब फैलेगा". जयपूरच्या सी-स्कीममध्ये राहायला आल्यावर घेतलेल्या पहिल्या पेपरोमियाबद्दल मला एकाच माणसानं एकाच आठवड्यात ही दोन्ही उत्तरं दिली होती. तेव्हा राग आला. पुढे तीन कुंड्या, दोन उन्हाळे आणि एक कुजलेलं रोप झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी होती. घरातला पेपरोमिया किती वाढणार, याचं निम्मं उत्तर त्याच्या जातीत असतं. उरलेलं निम्मं आपल्या खिडकीत आणि आपल्या पाण्याच्या तांब्यात.

आधी सरळ आकडे सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. जाड, गुळगुळीत, चमच्यासारख्या पानांचा नेहमीचा पेपरोमिया (दुकानात त्याला 'बेबी रबर प्लांट' म्हणतात, शास्त्रीय नाव ऑब्ट्युसिफोलिया) घरात २५ ते ३० सेंटीमीटर उंच होतो आणि साधारण तेवढाच रुंद. कलिंगडाच्या सालीसारखे पट्टे असलेला 'वॉटरमेलन' १५ ते २० सेंटीमीटरवर थांबतो. सुरकुतलेल्या पानांचा कॅपेराटाही तेवढाच. 'होप' नावाचा लोंबता प्रकार उंच होतच नाही, त्याच्या फांद्या मात्र हात-दीड हात खाली उतरतात. म्हणजे आपल्या जुन्या मापात सांगायचं तर बहुतेक पेपरोमिया वीतभर, फार तर सव्वा-दीड वीत. चार इंची कुंडीत आणलेलं रोप या मापाला पोचायला दोन-तीन वर्षं घेतं. कुणी सहा महिन्यांत फूटभर वाढल्याचं कौतुकानं सांगितलं, तर ते रोप बहुधा उजेडासाठी मान ताणून उभं असतं. त्याबद्दल पुढे बोलूच.

या रोपाचं नाव १७९४ सालचं. रुईझ आणि पावोन या दोन स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते दिलं, आणि त्याचा अर्थ 'मिरीसारखा' असा. काळी मिरी, विड्याचं पान, पिंपळी आणि पेपरोमिया ही सगळी एकाच घरची मंडळी. पेपरोमियाला फुलोरा आला की नातं डोळ्यांनाच दिसतं: पिंपळीसारखा, उंदराच्या शेपटीइतका बारीक, वास नसलेला तुरा. हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. पण कोकणात वाढलेल्या माणसाला हे रोप अगदी परकं नसतं. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर, विहिरीच्या काठाला, कुंड्यांच्या कडेला काचेसारख्या देठाचं, बदामी पानांचं जे कोवळं तण उगवतं आणि ओढलं की मुळासकट अलगद हातात येतं, तेसुद्धा पेपरोमियाच, अमेरिकेतून येऊन इथे रुळलेलं. लहानपणी आम्ही ते उपटून फेकायचो. आता त्याच्या भावंडाला दीडशे रुपये मोजते.

त्या तणाची आठवण उगाच काढली नाही. ते इतक्या सहज उपटतं, कारण मुळं लहान आणि उथळ. घरात ठेवतो त्यांतल्या बऱ्याच जाती जंगलात झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या खाचीत, कुजलेल्या पानांच्या चार बोटं थरात वाढतात. जमिनीत खोल जायची त्यांना सवय नाही. पाणी साठवायचं ते पानांत. पानाच्या वरच्या सालीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या पेशींचा थर असतो, म्हणून पान जाड आणि टणक लागतं. पण कोरफडीसारखी महिनोन्‌महिन्यांची बेगमी त्यात नसते, दोन-तीन आठवड्यांची असते. 'अर्धमांसल' म्हणतात ते यामुळे. लहान मूळ आणि मर्यादित साठा यांच्या जोरावर जेवढं अंग पोसता येतं, तेवढंच रोप वाढतं.

आता कामाला लागू.

पहिलं काम खिडकी ठरवण्याचं, आणि जयपुरात ते पुण्या-मुंबईपेक्षा जरा वेगळं आहे. इथे सूर्याचा अभ्यास करायला कुठे लांब जायला नको. स्टॅच्यू सर्कलवर सवाई जयसिंह उभे आहेत आणि त्यांनी बांधलेलं जंतरमंतर गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळाची, २७ मीटर उंच तिरकी भिंत सुमारे २७ अंशांत कललेली आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. (जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. जयपुरात मराठी माणसाचं सूर्याशी नातं असं जुनं आहे, एवढं मिरवून घेते.) याच २७ अंशांवरून आपल्या खिडकीचा हिशेब निघतो. २१ जूनच्या सुमाराला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८६ अंशांवर असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो जेमतेम ४० अंशांवर येतो. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून दोन मीटरवर असेल, तर दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरच्या दुपारी ऊन खोलीत जवळजवळ अडीच मीटर आत शिरतं, आणि जूनमध्ये वीतभरही नाही.

याचा अर्थ असा की दक्षिणेची खिडकी पेपरोमियाला उन्हाळ्यात चक्क चालते, कारण ऊन आत येतच नाही, उजेड येतो. हिवाळ्यात मात्र काचेला चिकटून ठेवू नका, हातभर आत घ्या किंवा पातळ पडदा ओढा. पूर्वेची खिडकी सगळ्यांत गुणी. सकाळचं तासभर कोवळं ऊन पेपरोमियाला मानवतं, तरी मेमध्ये आठनंतर पडदा हवाच. उत्तरेची खिडकी वर्षभर शांत असते, आणि जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळत असल्यानं तिथेही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन डोकावतं. त्याला घाबरू नका. पश्चिमेची खिडकी एप्रिल ते जून वर्ज्य. मेमधल्या दुपारी चारला पश्चिमेच्या काचेमागे हात धरून पाहा, वेगळं सांगायला नको.

सी-स्कीममधल्या जुन्या बंगल्यांना खोल सज्जे आणि व्हरांडे होते, आत थंडावा आणि मंद उजेड. त्यांच्या जागी आलेल्या फ्लॅटना मोठाल्या काचा आहेत. दोन्हीकडे पेपरोमिया जगतो, पण वेगळा दिसतो. बंगल्याच्या आतल्या खोलीत तो लांबट आणि विरळ होतो, काचेच्या फ्लॅटमध्ये बुटका आणि भरगच्च. उजेड पुरेसा आहे का, हे पाहायला दुपारी रोपाच्या जागी हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण ओळखू येतील अशा असाव्यात. कडा धारदार पडल्या तर ऊन जास्त, आणि सावलीच दिसेना तर जागा बदला.

दुसरं काम कुंडीचं. इथे मराठी घरांतली एक सवय आड येते: मुलांचे कपडे घेतो तशी 'वाढत्या मापाची' कुंडी घ्यायची. पेपरोमियाला ती घातक आहे. मोठ्या कुंडीतली माती ओली राहते, छोटी मुळं ते पाणी शोषू शकत नाहीत आणि तळाशी कुजायला सुरुवात होते. आणलेल्या चार इंची कुंडीत रोप वर्षभर सुखानं राहतं. मुळं तळाच्या भोकांतून डोकावू लागली की मग पाच इंची, म्हणजे एकच इंच मोठी. बहुतेक जातींना आयुष्यभरात सहा इंचांपलीकडे लागत नाही. माझा अनुभव असा की रोपाचा पसारा कुंडीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट होतो आणि तिथे रेंगाळतो. म्हणजे रोप लहानच हवं असेल तर कुंडी बदलू नका, फक्त दोन वर्षांनी वरची माती बदला. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, उथळ कुंडी उत्तम. मातीची भाजलेली कुंडी पावसाळ्यात चांगली, पण मे-जूनमध्ये ती फार लवकर सुकते. प्लॅस्टिकची उलट वागते. मी रोप प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवते आणि ती कुंडी मातीच्या कुंडीत, जूननंतर बाहेरची काढून टाकते.

माती म्हणजे इथे खरी माती जवळजवळ नकोच. दोन वाट्या कोकोपीट, एक वाटी पर्लाइट, एक वाटी जाड वाळू, अर्धी वाटी गांडूळखत. वाळू आणायला गेलात तर एक सांगून ठेवते: जयपुरात वाळूला 'बजरी' म्हणतात. नव्यानं आलेल्या मराठी माणसाला हे ऐकून भाकरी आठवते. ती बजरी चाळून घ्या. खाली पडते ती बारीक वाळू टाकून द्या, चाळणीत उरते ती घ्या. बारीक वाळूनं मिश्रण सिमेंटसारखं बसतं. पर्लाइट मिळालं नाही तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. कोकोपीट आधी भिजवून दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात अनेकदा मीठ असतं. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की ढेकूळ न होता विस्कटलं पाहिजे.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण पेपरोमिया मरतो तो शंभरात नव्वद वेळा इथेच.

"आठवड्यातून किती वेळा?" हा प्रश्नच सोडून द्या. रोपाला विचारा. खालचं एक जुनं, पूर्ण वाढलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडायचा प्रयत्न करा. कच्च्या पापडासारखं ताठ असेल, मोडेल असं वाटलं, तर पाणी नको. कालच्या पोळीसारखं मऊ वाकलं तर आज पाणी द्या. ही परीक्षा ऑब्ट्युसिफोलियासारख्या जाड पानांना लागू आहे. वॉटरमेलन आणि कॅपेराटाची पानं पातळ असतात, त्यांच्यासाठी कुंडी उचलून वजन बघा. पाणी दिल्यावर एकदा आणि आठवड्यानं एकदा उचलून पाहिलं की हाताला ते वजन पाठ होतं. पाणी द्यायचं तेव्हा भरपूर, खालून वाहेपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. रोज चमचाभर पाणी घालणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत. त्यांची रोपंही पाहिली आहेत.

मे-जूनमध्ये पाणी सकाळी लवकर द्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं आणि नळातून तेच येतं. मी रात्री एक बादली घरात भरून ठेवते. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरा थर धरतो. बिसलपूर धरणाचं पाणी येत असेल तर तेच वापरा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जमेल तेवढं पावसाचं पाणी भरून ठेवा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा मोह पेपरोमियाच्या बाबतीत आवरा, कारण काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला ते छान.

वर्षाची लय इथे उलटसुलट आहे. पुस्तकात 'उन्हाळा हा वाढीचा काळ' असं लिहिलेलं असतं, पण ते थंड देशांसाठी. पेपरोमियाला १८ ते २७ अंशांत बरं वाटतं. जयपुरात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहते, मध्येच धुळीची आंधी येते, आणि रोप चक्क थांबून राहतं. नवं पान नाही, हालचाल नाही. तेव्हा खत घालून त्याला उठवायला जाऊ नका. आंधीनंतर ओल्या मऊ फडक्यानं पानं पुसा, धुळीनं उजेड अडतो. कॅपेराटाच्या सुरकुत्यांत धूळ बसते, तिच्यासाठी जुना मऊ ब्रश. कुलरची दमट हवा खोलीत असणं चांगलं, पण झोत अंगावर नको. एसीचा तर नकोच.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते आणि माणूस गाफील राहतो. उन्हाळ्यात लागलेली दर चार-पाच दिवसांची सवय पावसातही चालू राहते. माझं कुजलेलं रोप या सवयीचंच. देठ तळाशी काळे आणि मऊ झाले, पानं हिरवी असतानाच गळू लागली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून आणखी पाणी घातलं. सुकलेलं आणि कुजलेलं रोप वरून सारखंच मलूल दिसतं, फरक मातीत बोट घातल्याशिवाय कळत नाही.

इथे खरी वाढ दोनदा होते: ऑगस्टच्या अखेरीपासून दिवाळी उलटेपर्यंत, आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. कुंडी बदलायची, छाटणी करायची, कलम लावायचं ते याच दिवसांत. पातळ केलेलं खत महिन्यातून एकदा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं, तेही याच महिन्यांत. जानेवारीत पहाटे बाहेर तापमान ८ अंशांवर आणि कधी त्याहून खाली जातं. १० अंशांखाली पानं काळवंडतात, म्हणून रात्री कुंडी काचेपासून दूर घ्या. हिवाळ्यात पाणी तीन आठवड्यांतून एकदा दिलं तरी पुरतं.

आता मोजण्याबद्दल. दर महिन्याच्या एक तारखेला पट्टी घेऊन तीन मापं लिहा: मातीपासून सर्वांत वरच्या पानापर्यंत उंची, सर्वांत रुंद जागी आडवा पसारा, आणि खोड असलेल्या जातींत दोन पेरांमधलं अंतर. तिसरं माप सर्वांत बोलकं. पहिल्या दोन मापांवरून रोप वाढलं असं वाटतं, तिसरं सांगतं ते कसं वाढलं. पेरं जवळजवळ असतील तर रोप धडधाकट. नवी पेरं जुन्यांच्या दीड-दोनपट लांब पडू लागली, पानं लहान येऊ लागली, तर ती वाढ नाही, उजेडाची भूक आहे. वॉटरमेलनला खोड दिसत नाही, तिथे देठ बघा. लाल देठ लांबत जाऊन पानं लोळू लागली की तीच गोष्ट. तुऱ्यांची उंची मापात धरू नका. ऑब्ट्युसिफोलियाचा तुरा पानांच्या वर दहा-बारा सेंटीमीटर जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत सुकतो, शोभेलाही फारसा नसतो. मी कापून टाकते.

लांबलेलं रोप पुन्हा बुटकं होत नाही, फक्त नवी वाढ सुधारते. म्हणून कात्री. स्वच्छ कात्रीनं पेराच्या जरा वर छाटा. खालच्या दोन-तीन पेरांतून नवे फुटवे येतात आणि रोप उंचीऐवजी रुंदीत भरतं. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, शेंडे खुडले तर ऑब्ट्युसिफोलिया २० सेंटीमीटरवरही सुंदर राखता येतो. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर सगळं रोप खिडकीकडे कलतं.

काही खुणा चटकन ओळखता याव्यात. पानांच्या खालच्या बाजूला बुचासारख्या खरखरीत पुटकुळ्या आल्या तर मुळं पितात त्याहून जास्त पाणी मिळतं आहे. देठाच्या बगलेत कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. चार-दोन असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा, आठवड्यानं पुन्हा पाहा. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, रोप न्हाणीघरात नेऊन पानं दोन्ही बाजूंनी धुवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पेपरोमिया निर्धोक मानला जातो. जेड प्लांट मात्र त्यांना बाधतो, दोन्ही शेजारी ठेवले असतील तर लक्षात असू द्या.

छाटलेले शेंडे फेकू नका. खालची पानं काढा, कापलेली जागा दिवसभर सावलीत सुकू द्या, आणि त्याच मिश्रणात जेमतेम ओल ठेवून खोचा. चार ते सहा आठवड्यांत मूळ धरतं. वॉटरमेलनचं पान आडवं कापून, कापलेली कड मातीत खोचली तरी कडेवर बारीक रोपं फुटतात, पण त्याला अडीच-तीन महिने धीर हवा.

एक अपवाद मी शेजाऱ्यांकडून शिकले. वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं राहतं. त्यांना माझा पिवळ्या-पांढऱ्या कडांचा ऑब्ट्युसिफोलिया आवडला, म्हणून मी मोठ्या हौसेनं त्याचं एक पान दिलं. पान जगलं, त्याला रोप आलं, आणि चार महिन्यांनी त्या जोडप्यातली मुलगी कुंडी घेऊन दारात उभी. "काकू, तुमचा दोन रंगी, मग आमचा नुसताच हिरवा कसा?" दोन रंगी जातींत रंगाचे थर खोडाच्या शेंड्यात असतात. नुसत्या पानापासून नवं रोप निघतं तेव्हा ते थर पुढे येत नाहीत, साधा हिरवा पेपरोमिया येतो. दोन रंगी हवा असेल तर पेरासकट शेंडाच लावावा लागतो. यंदा फेब्रुवारीत छाटणी केली तेव्हा तीन पेरांचा शेंडा तिच्यासाठी बाजूला ठेवला. तो आता त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत आहे, परवाच्या मापाला अकरा सेंटीमीटर.